वाणाच्या टोपल्या

टोपल्यांशी माझं कधी वैर नव्हतं. वैर होतं ते त्यांना लटकवलेल्या कार्डांशी, आणि ती कार्डं छापून घेणाऱ्या बाईशी. दुकानात मी तिला मॅडम म्हणत असे आणि अहो-जाहो करत असे. इथे मॅडम ठेवते, अहो-जाहो सोडते. तिनं मला एकदा, मी न मागता, एक गोष्ट देऊ केली होती: संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण माझ्या हातानं द्यायचं. ती गोष्ट मला किती हवी होती, हे तिनं देऊ करेपर्यंत मलाच ठाऊक नव्हतं. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

दुकान झाशीत, इलाइट चौराह्याच्या एका गल्लीत, तळमजल्यावर. एका बाजूला चष्मेवाला, दुसऱ्या बाजूला कोचिंग क्लास. पाटीवर इंग्रजीत लिहिलेलं की इथे आफ्रिकेतल्या कारागीर भगिनींच्या हातच्या वस्तू मिळतात, मध्ये दलाल नाही, विणणारीला तिच्या कष्टाचं रास्त मोल मिळतं. मॅडमचे यजमान फौजेत कर्नल. जवळच्या बबीना छावणीतून निवृत्त झाले आणि झाशीतच घर घेऊन राहिले. त्याआधी ते शांतिसेनेबरोबर सुदानात जाऊन आले होते, आणि दुकानाची सगळी प्रेरणा तिथली, असं मॅडम येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. टोपल्या मात्र यायच्या घानाहून. सुदान कुठे आणि घाना कुठे, ते मी एकदा मुलाच्या जुन्या नकाशात बघितलं. दुकानात दोन्ही मिळून 'आमची आफ्रिका' होती.

मी तिथे लागले तेव्हा नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. तो रेल्वेच्या वर्कशॉपात होता. आमचं घराणं झाशीत पिढ्यान्‌पिढ्या. पलटणीबरोबर आलेला कुणी पूर्वज परत गेलाच नाही, म्हणून आम्ही इथले. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, भाजीवालीशी बुंदेली. मॅडम पुण्याची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "अय्या, तुमचं मराठी किती गोड आहे हो! अगदी जुनं जुनं." आणि मग त्या गोड मराठीतले शब्द रोज तांदळातल्या खड्यांसारखे वेचून बाहेर टाकायची. मी बाल्टी म्हटलं की ती म्हणायची बादली. मी तौलिया म्हटलं की ती म्हणायची टॉवेल. टॉवेल हा शब्द कुठल्या पेठेतला, ते मी विचारलं नाही. ती मला ताई म्हणायची, आपण सगळे एक कुटुंब आहोत म्हणायची, आणि दुपारी डबा खाताना मला आतल्या खोलीत बसवायची, कारण गिऱ्हाइकांना फोडणीचा वास नको.

काम मात्र मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. त्या टोपल्या जहाजातून येताना दाबून चपट्या करून गठ्ठ्यात बांधलेल्या असतात. उघडल्या की पापडांच्या चळतीसारख्या दिसतात. एकेक टोपली कोमट पाण्यात बुडवायची, गवत मऊ झालं की आत मूठ फिरवून पोट बाहेर काढायचं, काठ सरळ करायचा, आत पातेलं नाहीतर तौलिया कोंबायचा आणि मागच्या अंगणात उन्हाला ठेवायची. सुकली की पातेलं काढून घ्यायचं. मॅडमनं हे एकदा करून बघितलं. तिची टोपली एका बाजूला कलली आणि तशीच सुकली. त्यानंतर ते काम माझं झालं, आणि दुकानात विकलेली प्रत्येक टोपली आधी माझ्या हाताखालून गेलेली असायची.

मग त्यांना कार्ड लागायचं. कार्डावर बाईचा फोटो. फोटोत ती हसतेय, सगळ्याच हसतायत, कुणीतरी समोरून 'हसा' म्हणाल्यासारख्या. खाली नाव, आणि नावानंतर पहिला शब्द: विधवा. विणकर हा शब्द त्याच्यानंतर. मग इतकी मुलं, मग नवरा गेला पण तिनं हिंमत सोडली नाही, मग तुमच्या या खरेदीमुळे तिच्या घरी चूल पेटते, वगैरे. मी मॅडमला विचारलं, "सगळ्या विधवाच कशा?"

"अहो ताई, आपण मुद्दाम विधवांच्या गटाबरोबर काम करतो. लोकांच्या काळजाला भिडतं ते."

भिडायचं खरंच. कॅन्टोनमेंटमधल्या साहेबांच्या बायका कार्ड वाचून डोळे पुसायच्या. एक तर टोपली छातीशी धरून उभी राहिली होती. मग माझ्याकडे वळून मोठ्या आपुलकीनं म्हणाली, "और आपके हसबैंड क्या करते हैं, दीदी?" मी म्हटलं, नहीं रहे. तर तिची नजर माझ्या कपाळावर गेली, तिथून घसरून बिलाच्या मशीनवर गेली, आणि पुन्हा वर आली नाही. डोळे पुसून झालेले होते, त्यामुळे माझ्यासाठी काही उरलं नव्हतं.

त्यापेक्षा मला चिरगाँवची एक बाई बरी वाटली. लग्नाच्या खरेदीला आली होती, चुकून आत शिरली. किंमत ऐकून तिनं टोपली अशी खाली ठेवली की जणू चटका बसला. "हाय दैया! ऐसी डलिया तो हमाई बऊ सोई बनाउत तीं, कांस की. कोऊ सेंत में नईं लेत तो." आणि हसत निघून गेली. मॅडमनं नाक मुरडलं आणि मला म्हणाली, "यांना कलेची किंमत नाही." त्या बाईच्या आजीची टोपली फुकटसुद्धा कुणी घेत नव्हतं, यात कुणाला कशाची किंमत नव्हती, ते तिला विचारावंसं वाटलं होतं. नाही विचारलं. मूग गिळून बसण्यात मी तोपर्यंत तरबेज झाले होते.

थंडी पडायला लागली आणि एक दिवस मॅडम उत्साहानं फुलून आली. इथल्या मराठी बायकांच्या मंडळाचं हळदीकुंकू यंदा आपल्या दुकानात. वाण म्हणून छोट्या टोपल्या, आत तिळगुळाची पुडी. "आणि ताई, वाण तुम्ही द्यायचं."

"मी?"

"तुम्हीच. प्रत्येकीला टोपली द्यायची आणि ती कुणी विणली ते सांगायचं. तुमच्याइतकं छान कोण सांगणार? आपण कुठल्या जमान्यात राहतो, ताई?"

आता माझं सांगते. नवरा होता तोवर दर संक्रांतीला माझ्या घरी बायका यायच्या. हळदीकुंकू लावायचं, वाण लुटायचं, कधी वाट्या, कधी गाळण्या, कधी नुसते रुमाल. तो गेल्यावर पहिल्या संक्रांतीला शेजारी राहणाऱ्या माझ्या जावेनं सकाळीच तिळगुळाची ताटली झाकून माझ्या घरी पोचती केली. बायका चारला येणार होत्या. ताटली नऊला आली. मला तिकडे जायचं कारण उरू नये म्हणून. कुणी वाईट बोललं नाही, कुणी काहीच बोललं नाही. मी ताटली धुऊन परत दिली आणि भिंतीपलीकडचं हसणं ऐकत बसले. वाण म्हणजे काय मोठं, चार पैशांची वस्तू. पण ती देताना समोरची बाई पदर पुढे करते, तुमच्याकडे बघते, तुमच्या हातून घेते. ते मला परत हवं होतं. इतकं हवं होतं की मला माझीच लाज वाटली.

मी कार्डं पाठ केली. इंग्रजीतली ती गोष्ट मराठीत कशी सांगायची ते भांडी घासताना घोकलं. मोतिया रंगाची एक साडी होती, तिला इस्त्री करून आणली. मुलगा म्हणाला, "आई, कोई इंटरव्ह्यू है क्या?" मी म्हटलं, हो, तसंच समज.

हळदीकुंकवाच्या आधी काही दिवस मंडळाच्या काकू वाण बघायला आल्या. या मंडळातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. आमच्यासारख्याच इथल्या जुन्या घरातल्या. माझ्या लग्नात त्यांनी माझी ओटी भरली होती. मला वाटलं, आधी काकूंनाच सांगून बघावं. एक टोपली त्यांच्या हातात दिली आणि सुरू केलं. मी छान सांगत होते. गाव सांगितलं, गवत कसं चिरतात ते सांगितलं, रंग कसा उकळून लावतात ते सांगितलं. आणि मग घोकलेलं वाक्य आलं: "ही बाई विधवा आहे, काकू, पण तिनं हिंमत सोडली नाही."

काकूंनी टोपली टेबलावर ठेवली. हात साडीला पुसला. मुद्दाम नाही पुसला, सवयीनं पुसला, ते जास्त लागलं.

"विधवा आहे?"

"सगळ्याच आहेत, काकू. त्यांचा गटच तसा आहे."

"आणि ह्या सवाष्णींना वाण म्हणून द्यायच्या?" त्या मॅडमकडे वळल्या. "देणार कोण आहे?"

मॅडम मोबाइलमध्ये काहीतरी शोधायला लागली. मी म्हटलं, "मी देणार आहे."

काकूंचा आवाज खाली आला. आवाज खाली आणून बोलणाऱ्या माणसांची मला आता चीड येते. "हे बघ बाळ, राग मानू नकोस. माझं काही नाही गं, मी असलं मानत नाही. पण मंडळातल्या निम्म्या पोरींचे नवरे बॉर्डरवर आहेत. कोणाचा फोन चार दिवस आला नाही तर तिचा जीव कासावीस होतो. कशाला कुणाच्या मनात शंका आणायची?"

नवरे सीमेवर होते हे खरं होतं. त्या पोरींतल्या दोघी-तिघी दुकानात यायच्या, माझ्याशी गप्पा मारायच्या, फोनची रिंग वाजली की त्यांचा रंग उतरायचा ते मी बघितलेलं होतं. पण माझा नवरा रेल्वेच्या दवाखान्यात गेला होता, डेंग्यूनं, आणि कुणाच्या हातचं वाण घेतल्यानं गेला नव्हता. त्याच्या आदल्या संक्रांतीला मी ह्याच काकूंच्या हातून वाण घेतलं होतं. हे ओठांवर आलं होतं. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी मॅडमकडे बघितलं. आपण कुठल्या जमान्यात राहतो, हे आता तिनं म्हणायचं होतं. ती म्हणाली, "काकू, आपण काहीतरी मार्ग काढू. शेवटी सगळ्यांच्या भावनांचा आदर करायला हवा."

मार्ग तिनं एका दिवसात काढला. जुनी कार्डं कापून टाकायची, त्याजागी नवीन. नवीन कार्डावर फोटो तोच, हसू तेच, आणि खाली मराठीत: एका आनंदी आईच्या हातची टोपली. घानातल्या त्या बायांना पत्ताही नसेल की झाशीत एका दुपारीत त्यांचं वैधव्य मिटलं. "आणि ताई, तुम्ही आतलं बघा. चहा, तिळगूळ. तुमच्याशिवाय आतलं कोण सांभाळणार?" मग माझ्यापुढे कात्री ठेवून म्हणाली, "एवढी कार्डं जरा कापून टाकता?"

मी म्हटलं, "कार्डं कापते, मॅडम. मग माझं काय कापायचं तेही सांगा."

"तुम्ही ना, ताई, फार मनाला लावून घेता."

कात्रीला मी हात लावला नाही. तिनंच बसून कापली, हीटर पायाशी ओढून, गाणं गुणगुणत.

हळदीकुंकवाला तू गेलीसच कशाला, असं माझा मुलगा अजून विचारतो. त्याला काय सांगू? शेवटच्या काही टोपल्या सकाळी अजून ओल्या होत्या, त्यांना आकार मीच देणार होते, दुसऱ्या कुणाला तो देता येत नव्हता. नोकरी होती. आणि कोण कसल्या तोंडानं येतंय ते मला बघायचं होतं. मोतिया साडी नेसले नाही. रोजचीच नेसले.

दुकान आणि आतली खोली यांच्यामध्ये एक काळा पडदा होता. टोपल्यांचे फोटो काढायला मॅडमनं तो मुद्दाम शिवून घेतलेला, काळ्यावर रंग उठून दिसतात म्हणून. टोपल्यांची चळत माझ्याकडे आत होती. मॅडम पडद्याच्या बाहेरच्या बाजूला उभी. ती हळदीकुंकू लावायची, मग हात मागे करायची, मी पडद्यातून टोपली बाहेर काढायची, ती घेऊन पुढच्या बाईला द्यायची. म्हणजे वाण शेवटी मीच देत होते. फक्त कोपरापर्यंत.

बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. "अय्या, किती सुंदर!" "मेथीची भाजी ठेवायला मस्त." "नको गं, शोकेसमध्ये ठेवू." कुणीतरी उखाणा घेतला, हशा पिकला. मॅडमचं भाषण झालं: बाईचं दुःख बाईलाच कळतं, मग ती बाई कुठल्याही खंडातली असो. काकूंनी टाळ्या वाजवल्या; त्यांच्या बांगड्यांचा आवाज मला ओळखू येतो. रोज दुकानात माझ्याशी बोलणाऱ्या पोरींपैकी एकीनं विचारलं, "ताई नाही आल्या आज?" मॅडम म्हणाली, "आत आहेत, गडबडीत आहेत."

मध्येच तिनं पडद्यातून डोकं आत घातलं. "ताई, तसाच धरा हात. टोपलीसकट. जरा वर. हां, अस्सा." मी धरला. ती परत बाहेर झाली आणि पडद्याच्या फटीतून मला तिचा मोबाइल दिसला. मी कबूल करते, मला त्या क्षणी वाटलं की ती आता पडदा बाजूला सारणार आणि म्हणणार, या, बाहेर या. इतकी मी मूर्ख. तिनं दोन-तीन फोटो काढले, स्क्रीनवर बघून खूश झाली आणि पुढच्या बाईला कुंकू लावायला वळली.

पुढच्या आठवड्यात दुकानाच्या काचेवर माणसाच्या उंचीचा फोटो लागला. काळा-पांढरा. सगळा काळोख, आणि त्यातून आलेला एक हात, बांगडी नसलेला, टोपली पुढे करणारा. खाली इंग्रजीत लिहिलेलं की तिनं जोडीदार गमावला, पण हातातली कला नाही. या हातांना साथ द्या. मी रिक्षातून उतरले आणि फुटपाथवर उभी राहून बघत होते. फोटो काळा-पांढरा केल्यावर आफ्रिका आणि झाशी यांच्यात फरक राहत नाही, हे तिच्या बरोबर ध्यानात आलं होतं. पण मनगटावर कुकरच्या वाफेनं भाजल्याचा डाग आहे, माझ्या उजव्या हाताला, अर्धगोल. तो फोटोत स्वच्छ आला होता.

आत जाऊन मी म्हटलं, "तो हात माझा आहे."

"ताई, किती सुंदर आलाय ना?"

"त्याखाली लिहिलंय ते घानाच्या बाईचं आहे. हात माझा आहे."

"अहो, चेहरा कुठे आहे त्यात? कुणाला कळतंय? सकाळपासून लोक थांबून बघतायत. एकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं."

"मग तिला सांगा, ती बाई आत चहा करते. रडायचं तर आत येऊन रडा."

मॅडम हसली, चिडलेल्या मुलाकडे बघून हसतात तसं. मी डबा पिशवीत टाकला आणि निघाले. तिनं हाक मारली, ताई म्हणून. मी वळले नाही. माझ्या मागे ती चष्मेवाल्याला सांगत असणार की एवढं प्रेम दिलं तरी ही माणसं अशी. सांगू दे.

आता मी एका शाळेच्या कार्यालयात आहे. मला तिथे कुणी ताई म्हणत नाही, मॅडम जी म्हणतात, आणि डबा मी सगळ्यांच्या मध्ये बसून खाते. नवरा होता तेव्हापासून मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे, मला कुणी काढलेलं नाही. बहुतेक कुणाच्या लक्षात आलं नसावं. मी तिथे काही लिहीत नाही, नुसती बघते.

महिला दिनाला ग्रुपवर काकूंचा फोटो आला. दुकानाच्या काचेपुढे त्या उभ्या, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत, चेहऱ्यावर हसू. त्यांनी आपला तळवा काचेवरच्या त्या मोठ्या हातावर टेकवला होता. खाली लिहिलं होतं, 'आफ्रिकेतल्या माझ्या बहिणीच्या हातात हात'. पाठोपाठ फुलं आली, नमस्कार आले, एकीनं लिहिलं की काकू, तुमच्याकडून शिकावं. मी फोटो बोटांनी मोठा केला. काकूंचा तळवा बरोबर माझ्या मनगटावर होता.

मी त्या ग्रुपवर कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा लिहिलं. "काकू, तो हात माझा आहे."

थोड्या वेळानं काकूंनी फोटो काढून टाकला.